बटाट्याच्या मूळ मुलखात

पेरू देशाच्या दक्षिण भागात, कुस्को या प्राचीन राजनगरीपासून तितिकाका सरोवरापर्यंत जो मार्ग जातो, त्यावरून प्रवास करणाऱ्या परकीयाचे लक्ष इंका राजवटीच्या प्रचंड पाषाणवास्तूंकडे वेधले जावे हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या अन्नाच्या बळावर ती राजवट उभी राहिली ते अन्न याच मार्गाच्या दोन्ही अंगांना, समुद्रसपाटीपासून साडेतीन ते चार हजार मीटर उंचीवरच्या लहान लहान शेतांत, आजही पूर्वीच्याच रीतीने पिकते आणि पूर्वीच्याच रीतीने साठवले जाते, याची दखल फार थोडे प्रवासी घेतात. ते अन्न म्हणजे बटाटा. रानटी, कडू, बोराएवढ्या कंदांपासून मनुष्याने त्याला माणसाळवले ते याच प्रदेशात, सात-आठ हजार वर्षांपूर्वी, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानेही त्याच्या उगमाचा निर्देश दक्षिण पेरूकडेच केला. पोर्तुगीजांच्या काळात आपल्या किनाऱ्याला लागलेला, आणि पुढे परदेशी मूळ विसरले जाऊन थेट उपवासाच्या फराळात सामावला गेलेला हा कंद आपल्या माहेरी कसा नांदतो, हे पाहण्याची इच्छा मला कित्येक वर्षांपासून होती.

कुस्कोहून एक डोंगर ओलांडला की उरुबाम्बा नदीचे खोरे लागते. खाली नदीकाठी, तीन हजार मीटरांच्या आतबाहेर, मका डुलत असतो. वर चढत जावे तसा मका मागे पडतो, जव आणि बाकळ्याच्या शेंगा दिसू लागतात, आणि त्याहीवर, जिथे वृक्ष संपून ‘इचू’ नावाचे ताठ पिवळे गवत सुरू होते, तिथे बटाट्याचे राज्य लागते. एका दिवसाच्या चढणीत तीन-चार हवामाने भेटावीत अशी ही भूमी असल्यामुळे इथल्या कुटुंबाची जमीन एका ठिकाणी नसते. एक तुकडा खाली, एक मध्ये, दोन वर, त्यातही एक सावलीच्या उतरणीला आणि दुसरा उन्हाच्या अंगाला. आपल्याकडे जमिनीच्या अशा विखुरलेपणाला आपण तुकडेबंदीच्या कायद्याने आळा घालण्याचा प्रयत्न केला. इथे मात्र तो विखुरलेपणा हाच शेतकऱ्याचा विमा आहे. गारांचा मारा एका उतरणीवर झाला तर दुसरी वाचते. वरचे पीक थंडीने जळाले तर खालचे हाती लागते.

पिसाक गावाच्या वरच्या डोंगरांत क्वेचुआ भाषा बोलणाऱ्या काही ग्रामसमाजांनी आपली नऊ हजार हेक्टरांहून अधिक जमीन एकत्र मानून ‘बटाट्याचे उद्यान’ स्थापन केले आहे. उद्यान या शब्दाने कुंपणातली बाग डोळ्यांसमोर आणू नये. हा नांदता मुलूख आहे. इथे बटाट्याचे तेराशेच्या आसपास वाण सांभाळले जातात असे सांगतात, आणि कापणीच्या दिवसांत एखाद्या घराच्या अंगणात उभे राहिले की ते सांगणे अतिशयोक्त वाटत नाही. जांभळे, काळे, लालभडक, पिवळे. काही गोल, काही काकडीसारखे लांब. एकाला वन्य मार्जाराच्या पंजासारखे फुगीर भाग, म्हणून त्याचे नाव पुमाचा पंजा. आणि एकावर इतके खाचखळगे, की त्याचे नावच सुनेला रडवणारा, कारण नव्या सुनेने तो अखंड साल काढून सोलून दाखवावा अशी परीक्षा घेण्याची जुनी रीत होती. मला सर्वांत नवल वाटले ते याचे, की हे वाण वेगवेगळ्या वाफ्यांत लावलेले नसतात. एकाच शेतात वीस-तीस वाणांचे बेणे मुद्दाम मिसळून लावतात, कारण एकावर रोग आला तर दुसरा तगतो, आणि कोणते वर्ष कोणाला मानवेल हे आधी कोणासही ठाऊक नसते. आयर्लंडमध्ये १८४५ साली करपा रोगाने बटाट्याचे पीक बसले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून व रोगराईने मेली, त्या अनर्थाच्या मुळाशी परकीय अंमलाची बेपर्वाई होती हे खरे. पण गरिबांच्या साऱ्या शेतांत जवळजवळ एकच वाण उभा होता, हेही तितकेच खरे आहे.

लिमा शहरात १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने अँडीजच्या गावागावांतून हे वाण गोळा करून जतन केले होते. २००४ साली या ग्रामसमाजांनी त्या केंद्राशी करार केला आणि त्यान्वये जे शेकडो वाण त्यांच्या रानांतून नाहीसे झाले होते ते रोगमुक्त करून त्यांना परत मिळाले. संशोधकांनी नेलेले बेणे कुळांच्या हाती परत आल्याचे उदाहरण जगात विरळा, म्हणून ते इथे नोंदले आहे. २०१७ साली याच शेतकऱ्यांनी आपल्या बटाट्यांचे बी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड येथील बीजकोठारातही ठेव म्हणून पाठवले.

लागवडीचे मुख्य हत्यार म्हणजे ‘चाकिताक्या’, पायाने दाबायचा नांगर. माणसाच्या उंचीचा किंचित वाकलेला लाकडी दांडा, टोकाला लोखंडी पाते, खाली पाय देण्यासाठी चामड्याच्या वादीने घट्ट बांधलेली आडवी खुंटी आणि वर धरायला एक मूठ, एवढाच त्याचा संसार. बैल या भूमीत स्पॅनिशांबरोबर आले. त्यापूर्वी सारे साम्राज्य याच हत्यारावर पोसले गेले, आणि जिथे बैलाचा पाय ठरत नाही अशा उतरणीवर ते आजही निरुपाय म्हणून नव्हे तर सोय म्हणून चालते. दोन पुरुष शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी पाते रुतवतात, दांडे मागे रेलून गवताळ मातीचे ढेकूळ उचकटतात, आणि समोर वाकलेली स्त्री ते दोन्ही हातांनी उलथून ठेवते. ढेकळे दोन बाजूंनी समोरासमोर पडत गेली की मधे वरंबा तयार होतो. कुठे कुठे तर आधी जमीन मोडतही नाहीत. पड रानात नुसते भोक पाडून स्त्रिया त्यात बेणे टाकतात, आणि कोंब वर आल्यावर दोन्ही अंगांची माती उलथून त्यावर भर देतात, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या सरींत उघडी माती वाहून जात नाही. हे काम एकट्याचे नसतेच. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी, या त्यांच्या रीतीला ‘आयनी’ म्हणतात. आपल्या सावडीची ती सख्खी बहीण आहे.

लागवड कोठे करावी हेही एकट्याच्या मर्जीवर नसते. गावाची वरची सारी जमीन काही मोठ्या पट्ट्यांत विभागलेली असते, आणि यंदा कोणता पट्टा उघडायचा हे गावसभा ठरवते. त्या पट्ट्यात प्रत्येक कुटुंबाचा तुकडा असतो. पहिल्या वर्षी सर्वांनी बटाटाच लावायचा, दुसऱ्या वर्षी ओका, उल्लुको, माशुआ हे स्थानिक कंद, तिसऱ्या वर्षी जव किंवा बाकळा, आणि मग तो पट्टा कित्येक वर्षे पड ठेवून मेंढ्या, लामा व अल्पाका यांना चरायला मोकळा करायचा. गुरांच्या लेंड्यांनी जमीन सुपीक होते हे तर कोणीही सांगेल. परंतु बटाट्याच्या मुळांना लागणारे सूक्ष्म सूत्रकृमी यजमान पिकावाचून इतकी वर्षे मातीत बहुसंख्येने तगू शकत नाहीत, हे शास्त्रज्ञांना अलीकडे कळलेले रहस्य या फेरपालटीत आधीपासूनच गुंफलेले होते. १९६९ च्या जमीनसुधारणेपर्यंत या डोंगरांतील कितीतरी गावे जमीनदारांच्या वाड्यांची बंदी होती आणि शेतकऱ्यांना वेठीला जावे लागे. त्या दीर्घ जाचातही पट्ट्यांची ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी टिकली. आता मात्र ती दुसऱ्या बाजूने ढासळते आहे: बाजारासाठी रासायनिक खतावर संकरित वाण घेणाऱ्यास पड जमीन परवडत नाही, आणि तरुण माणसे कुस्को-लिमाकडे गेल्याने गावसभेचा हुकूम मोडायला फार धैर्य लागत नाही.

पेरणीचा मुहूर्त ठरवण्याची त्यांची रीत ऐकून माझ्या मनात आपल्या नक्षत्रांच्या पंचांगाची आठवण जागी झाली. जूनच्या अखेरीस, संत जॉनच्या सणाच्या सुमारास, उत्तररात्री उंच कड्यावर जाऊन जाणती माणसे पूर्वेला उगवणाऱ्या कृत्तिका न्याहाळतात. चांदण्या ठळक व पुष्कळ दिसल्या तर पाऊस वेळेवर आणि चांगला. मंद व मोजक्या दिसल्या तर पाऊस लांबणार, म्हणून बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. २००० साली एक मानववंशशास्त्रज्ञ व दोन हवामानतज्ज्ञ यांनी या समजुतीची छाननी केली, तेव्हा असे आढळले, की ज्या वर्षी प्रशांत महासागरात एल निन्योचा उष्ण प्रवाह जोर धरतो त्या वर्षी जूनमध्ये आकाशात अतिशय उंचावर विरळ ढगांचा पातळ पडदा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण चांदण्या मंद करतो, आणि त्याच वर्षी पुढे या भागात पाऊस कमी व उशिरा पडतो. शतकानुशतके चालत आलेले निरीक्षण श्रद्धेच्या वस्त्रात गुंडाळलेले असते म्हणून त्याला अडाणीपणा ठरवण्याची घाई करू नये.

कापणीच्या दिवशी रानातच जेवण होते. कोरड्या ढेकळांची घुमटी रचून तिच्यात गवत व शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. ढेकळे लालसर तापली की राख ओढून बटाटे आत सोडतात आणि सारी घुमटी त्यांच्यावर कोसळवून वर माती लोटतात. थोड्या वेळाने उकरून काढलेल्या त्या बटाट्याला जी चव असते ती मी अन्यत्र चाखलेली नाही. त्याबरोबर मिरचीची तिखट चटणी असते, आणि काही ठिकाणी पाण्यात कालवलेली एक प्रकारची बारीक चिकणमाती! प्रथम मी दचकलो. परंतु जुन्या वाणांत जो किंचित विषारी कडवटपणा असतो तो ही माती आपल्यात शोषून घेते, आणि म्हणूनच कडू बटाटे खाणाऱ्या पूर्वजांनी ती जवळ केली.

रानातून आलेल्या मालाची वर्गवारी घरातील वडीलधारी स्त्री करते आणि तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. बेण्याचे निराळे, खाण्याचे निराळे, देण्याघेण्याचे व विकायचे निराळे. फार लहान आणि कुदळ लागून दुखावलेले ते वाळवणासाठी. ज्या घरी मी उतरलो होतो तेथील आजीबाईंनी मला माळ्यावर नेले. छताखालच्या त्या अंधाऱ्या, थंड जागेत गवताच्या व बोरूच्या विणलेल्या उभ्या चटया गोल वळवून कणग्या केल्या होत्या, तळाशी इचूचा जाड थर, आणि बटाट्यांच्या दर थरागणिक ‘मुन्या’ नावाच्या रानपुदिन्याच्या वाळक्या फांद्या पसरलेल्या. त्या उग्र सुवासाने बटाटा पोखरणारी पाकोळी आणि सोंड्या किडा दूर राहतात, शिवाय अवेळी कोंब फुटणेही आवरले जाते. ज्यांच्या घरी माळा अपुरा पडतो ते शेताच्या कडेलाच कोरड्या उंचवट्यावर बटाट्यांचा ढीग रचून त्यावर गवताचे जाड आच्छादन व मातीचा लेप देतात. हे पाहताना मला मंचरकडच्या बटाट्याच्या अरणींची आठवण झाली. झाडाच्या दाट सावलीत ढीग लावून वरून पाचट वा पेंढा घालून ऊन अडवण्याची आपल्या शेतकऱ्याची ती युक्ती याच जातीची आहे. फरक इतकाच, की आपल्याला उष्म्याशी झगडावे लागते, आणि या लोकांनी थंडीला चाकरीस ठेवले आहे.

चाकरीस ठेवले म्हणजे काय, हे ओल्लान्तायताम्बो येथे कळू लागते. गावासमोरच्या उभ्या कड्यावर, जिथे चढताना धाप लागते अशा ठिकाणी, इंका सरकारची कोठारे आहेत. इतक्या अवघड जागी धान्य वाहून का न्यावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर वर पोहोचताच अंगाला झोंबणारा वारा देतो. खोऱ्यातून वर चढणारी हवा त्या लांबट इमारतींच्या झरोक्यांतून आरपार वाहते आणि माल कोरडा व थंड ठेवते. पुढे दक्षिणेकडे राक्ची येथे विराकोचा देवाच्या भग्न मंदिराजवळ गोल कोठारांच्या ओळीच्या ओळी दिसतात, त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे. उत्तरेकडील हुआनुको पाम्पा या इंका ठाण्यात तर जवळजवळ पाचशे कोठारे होती, आणि तेथील उत्खननात असे दिसून आले, की गोल कोठारांत मुख्यतः मका तर चौकोनी कोठारांत कंद ठेवत, आणि बटाटे गवताच्या थरांमध्ये घालून दोरीने गठ्ठे बांधून रचीत असत.

या कोठारांमागची राज्यव्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. जमिनीचे तीन हिस्से होते, एक सूर्यदेवाचा, एक राजाचा व एक रयतेचा. रयत पहिल्या दोहोंवर श्रम करी, तोच तिचा सारा. नाणे नव्हते, लिपी नव्हती. जमाखर्चाचे दप्तर म्हणजे रंगीत दोऱ्यांना मारलेल्या गाठी, ज्यांचा अर्थ लावणारे खास कारकून प्रत्येक परगण्यात असत. त्या कोठारांतून फौजेची रसद निघे, आणि दुष्काळात रयतेचे पोटही भरे. जिंकलेल्या रयतेचे श्रम त्या राजवटीने कठोरपणे वसूल केले यात शंका नाही, परंतु वसूल केलेल्यातला वाटा अन्नाच्या रूपाने राखून ठेवण्याचे भान जितके तिला होते तितके तिच्यानंतर आलेल्या स्पॅनिश अंमलदारांना नव्हते, असे माझे मत झाले.

ला राया ही ४,३०० मीटरांहून उंच खिंड ओलांडली, की डोंगर दूर सरतात आणि आल्तिप्लानो हे विस्तीर्ण पठार उघडते. जून-जुलैत तिथे दिवसा आकाश निरभ्र व ऊन प्रखर, आणि रात्री पारा शून्याच्या खाली कित्येक अंश उतरलेला. अशा ठिकाणी शेती म्हणजे मृत्यूशी करार, असे नवख्यास वाटावे. पण या प्रदेशातील श्रेष्ठ शोध याच कडाक्याच्या पोटी जन्मला. त्याचे नाव ‘चुन्यो’. लहान बटाटे, आणि विशेषतः जे ताजे असताना खाताच येत नाहीत असे थंडी सोसणारे कडू बटाटे, सपाट माळावर एकेरी थरात पसरतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. असे तीन-चार रात्री झाले की आतील पेशी फुटून पाणी सुटू लागते. मग दुपारी स्त्री-पुरुष, मुले, त्यांचे लहान ढीग करून अनवाणी पायांनी हलकेच, एका लयीत तुडवतात. पाणी निथळते, साल सुटते. पुन्हा पसरून दहा-पंधरा दिवस त्या विरळ, कोरड्या हवेत वाळवले की काळा, हलका, लाकडासारखा टणक चुन्यो तयार होतो. पाच किलो बटाट्यांचा सुमारे एक किलो उरतो, आणि तो एक किलो कोरड्या जागी दहा-दहा वर्षे टिकतो. आधुनिक कारखान्यांत यंत्रांनी गोठवून सुकवण्याची जी क्रिया होते, तिचे हे प्राचीन रूप. इथे इंधनाचा खर्च शून्य आहे.

सिएसा दे लेओन या स्पॅनिश इतिवृत्तकाराने १५५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चुन्योचे वर्णन केले आहे, आणि तो पोतोसीच्या खाणींवर नेऊन विकणारे कित्येक स्पॅनिश व्यापारी श्रीमंत होऊन मायदेशी परतले असेही नमूद केले आहे. पोतोसीची चांदी १५४५ साली सापडली आणि तिने युरोपच्या तिजोऱ्या भरल्या. परंतु ती चांदी खणणारे वेठीचे मजूर याच वाळक्या बटाट्यावर राबले व मेले. मोठमोठ्या इतिहासग्रंथांत चांदीला जी पाने मिळतात त्यांतील काही या काळ्या कंदाला मिळावयास हवीत.

तितिकाकाच्या काठावरील पुनो शहराच्या उत्तरेस, हुआत्ता गावच्या सरोवरकाठच्या सखल भागात, जमिनीवर लांब समांतर पट्टे दिसतात. ते पूर्वजांनी घडवलेले उंच वाफे आहेत: दोन वाफ्यांमध्ये चर, चरांत पाणी. दिवसा ते पाणी उन्हाची ऊब शोषून घेते व रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे वाफ्यावरचे पीक कडाक्यातून बचावते. चरातला गाळ खत म्हणून वर येतो. सरोवराभोवती अशा वाफ्यांचे अवशेष ऐंशी हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असल्याचा अंदाज आहे. १९८१ पासून पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांच्या हातांनी काही वाफे पुन्हा बांधून बटाटा घेतला, तेव्हा उत्पन्न आसपासच्या शेतांच्या कितीतरी पट आले. तरीही पुढे त्यांतील बरेचसे वाफे पुन्हा ओस पडले, कारण त्यांना लागणारे श्रम पुरवणारी माणसे आणि ती जमवणारी ग्रामव्यवस्था केवळ चर खणून परत येत नाही. ही हकीकत उत्साही सुधारकांनी ध्यानात ठेवावी.

पुनोच्या दक्षिणेस इलावे नदीकाठी ‘तुंता’ म्हणजे पांढरा चुन्यो करतात. रात्री गोठलेले बटाटे सूर्य उगवण्यापूर्वीच गोळा करतात, म्हणजे उन्हाने काळे पडत नाहीत. मग पोत्यांत वा जाळ्यांत भरून तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. कडू विषारी अंश धुऊन जातो, आणि तुडवून वाळवल्यावर खडूसारखा शुभ्र कंद हाती येतो. त्याला बाजारात काळ्यापेक्षा चढा भाव आहे. रात्रभर भिजवून, चीज घालून वाफवलेला तुंता मी तिथे पोटभर खाल्ला. त्याची चव सौम्य आहे, आणि कळण्यास थोडा वेळ लागतो.

या साऱ्या विद्येवर आज जे संकट आहे ते उष्म्याचे. डोंगर तापत चालल्याने देशी बटाट्याची लागवड वर वर सरकते आहे, पूर्वी या उंचीवर न दिसणारा करपा आता तिथेही पोहोचतो, आणि चुन्योला लागणाऱ्या कडाक्याच्या रात्री हव्या तेव्हा पडतीलच अशी शाश्वती उरलेली नाही. डोंगराच्या माथ्यावर पोहोचलेल्या पिकाला त्याहून वर जागा नसते. तेव्हा माच्चू पिच्चू पाहण्यासाठी पेरूला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना माझे एवढेच सांगणे आहे, की त्यांनी शक्य तर जूनच्या उत्तरार्धात जावे, आणि आपल्या मुक्कामातले काही दिवस काढून ला रायाच्या पलीकडे, चुन्यो तुडवला जातो त्या माळांवर अवश्य घालवावेत.